निर्जंतुक मधाची ट्यूब: जखमेवर वापरून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

वस्तू: जखमेवर लावायचा निर्जंतुक केलेला मध, मलमासारख्या ट्यूबमध्ये मिळतो तो. तोच मध लावलेली तयार जाळीची पट्टीही मिळते. दोन्ही वापरलं.
माझे गुण: भाजलेल्या जखमेसाठी पाचपैकी चार. मधुमेह्याच्या तळपायासाठी शून्य. मधल्या जखमांचं खाली सविस्तर लिहिते.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतली बहुतेक वर्षं ड्रेसिंग रूममध्ये गेली, त्यामुळे जखम बघितली की हात अजूनही आपोआप ट्रेकडे जातो. एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या ट्यूब वापरल्या आणि फार फरक वाटला नाही, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. एवढ्याशा ट्यूबवर इतकं लांबलचक लिहायचं कारण म्हणजे दुकानात हिची विक्री ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ या एका वाक्यावर होते. तिचा खरा उपयोग कुठे आहे आणि कुठे ती लावणं धोक्याचं आहे, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आधी जखमेबद्दल. आमच्या भाऊजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं, सांगली जिल्ह्यात गुऱ्हाळ आहे. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवून गूळ वाफ्यात ओतताना त्यांच्या उजव्या हातावर कोपराच्या खालपासून मनगटापर्यंत गरम गूळ उडाला. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. गूळ जिथं पडतो तिथंच चिकटतो आणि गार होईपर्यंत भाजत राहतो. अशा वेळी हात सरळ वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, घड्याळ लावून वीस मिनिटं. तिथल्या माणसांनी चुना लावला. घरी आल्यावर घरात पडून असलेली अँटिबायोटिकची एक कॅप्सूल फोडून तिची पूड वरून भुरभुरली. नंतर गावात इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक मलम झालं. गोळ्या बरं वाटलं की थांबायच्या, पाणी सुटलं की पुन्हा सुरू. मी पोचले तेव्हा पट्टी उलगडायच्या आधीच वास आला, गोडसर, पिकल्या द्राक्षासारखा. गॉज हिरवट-निळं झालं होतं. ज्यांनी भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड सांभाळला आहे त्यांना हे दोन पुरावे पुरतात. स्यूडोमोनास नावाचा जंतू.

कॅप्सूल फोडून जखमेवर टाकायची ही सवय मी आयुष्यभर बघत आले. शहाणी, शिकलेली माणसंही करतात. त्यातून होतं काय, ते नीट सांगते. जखमेवरच्या ओलाव्यात ते औषध कुठे जास्त विरघळतं, कुठे कमी. जिथं कमी पोचतं तिथले नाजूक जंतू मरतात आणि चिवट उरतात. मोकळी झालेली जागा उरलेले व्यापतात. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी तेच होतं, महिना महिना लावलेल्या मलमानं तेच होतं. शिवाय जंतूंकडे प्रतिकाराचे गुण एकमेकांना द्यायची सोय असते, एका जातीकडून दुसऱ्या जातीकडेही. म्हणजे भाऊजींच्या हातावर तयार झालेला चिवटपणा त्यांच्या हातापुरता राहत नाही. तो टॉवेलवर जातो, पट्टी बदलणाऱ्या जाऊबाईंच्या हातावर जातो.

सर्जननी स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर जखमेतला नमुना, घ्यायला सांगितलं. इथं एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण कल्चरचे, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचे, पैसे देऊनही निम्मे स्वॅब चुकीचे घेतले जातात. वर साचलेला पू पुसून घेतला की त्यात पृष्ठभागावरचे सटरफटर जंतू येतात. जखम आधी सलाईननं स्वच्छ धुवायची, मग लालसर जिवंत भाग निवडून बोटाच्या पेराएवढ्या जागेत स्वॅब दाबून फिरवायचा, आतला द्रव वर येईल इतपत. नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याच्या आधी. तुमच्या घरच्या माणसाचा स्वॅब घेताना कोणी जखम न धुता काडी फिरवत असेल तर नम्रपणे थांबवा.

रिपोर्टात दोन जंतू आले. एक स्यूडोमोनास, दुसरा एमआरएसए, म्हणजे पेनिसिलीनच्या घराण्यातल्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस. औषधांच्या यादीसमोर ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. ‘एस’, म्हणजे औषध लागू पडेल, होता तो शिरेतून द्यायच्या, राखून ठेवलेल्या इंजेक्शनांसमोर. भाऊजी कागद घेऊन मला म्हणाले, “वहिनी, म्हणजे माझ्यावर आता कुठलंच औषध चालत नाही का?” घरात सगळ्यांची तोंडं उतरली.

सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि हात बघितला. ताप नाही, थंडी नाही. जखमेभोवतीचा लालपणा कडेपुरताच, पसरत नाही. काखेत गाठ नाही. मग म्हणाले की अँटिबायोटिकची गरज आत्ता नाहीच. जंतू जखमेच्या पृष्ठभागावर आहेत, शरीरात शिरलेले नाहीत. आपण जखम साफ करू, मेलेलं मांस काढू आणि वरून असं काही लावू की जंतूंना तिथं राहणं अवघड होईल. रिपोर्टात जंतू आला म्हणजे इंजेक्शन हवंच, असं नसतं. उघड्या जखमेवर जंतू असणारच. औषध जंतूच्या नावाला द्यायचं नसतं, माणसाच्या लक्षणांना द्यायचं असतं. हे वाक्य मी कितीतरी निवासी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, आणि रात्रीच्या ड्युटीत घाईघाईनं त्यांनाच ते विसरतानाही पाहिलंय.

त्यांनी पिवळट सडका थर काढला, काही दिवस ॲसेटिक ॲसिडच्या अगदी पातळ द्रावणानं धुवून घेतलं. स्यूडोमोनासवर हा जुना, स्वस्त उपाय आहे. मग चिठ्ठीवर लिहून दिली ती ही मधाची ट्यूब.

आता प्रत्यक्ष वापर. मध घट्ट असतो. थंडीच्या दिवसांत ट्यूबमधून येतच नाही, म्हणून ती दोन्ही तळव्यांत धरून थोडी ऊब द्यायची. गरम पाण्यात ठेवायची नाही, का ते पुढे सांगते. थर सरळ जखमेवर पिळण्यापेक्षा निर्जंतुक गॉजवर पसरायचा, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा जाड, आणि ते गॉज जखमेवर ठेवायचं. वर जाड पॅड, मग बँडेज. पहिले काही दिवस जखमेतून एवढं पाणी येतं की घरची माणसं घाबरतात. मधातली साखर आतला द्रव ओढून घेते. त्या ओढीनं घाण सुटते, सूजही उतरते. तेव्हा पॅड भिजलं की बदलायचं, दिवसातून दोनदा लागलं तरी. पुढे पाणी कमी झालं की एक दिवसाआड पुरतं. कडेची चांगली कातडी भिजून पांढरी पडायला लागली तर तिच्यावर व्हॅसलिन किंवा झिंकचं मलम लावून ठेवायचं.

झोंबतं. कंपनी हे बारीक अक्षरात लिहिते, मी ठळक सांगते. मध आम्लधर्मी असतो आणि उघड्या भाजलेल्या जखमेवर सुरुवातीला चांगलाच झोंबतो. भाऊजी सोसणारे आहेत, तरी पट्टीच्या आधी अर्धा तास त्यांना दुखण्यावरची गोळी द्यावी लागायची. लहान मुलांना लावणार असाल तर हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि मुंग्या. हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही. गावाकडचं घर, त्यात गुऱ्हाळवाल्याचं. पट्टीतून मध पाझरला की रात्री मुंग्यांची रांग थेट पलंगावर. शेवटी पलंगाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, हाताखाली प्लास्टिक आणि त्यावर धुतलेलं फडकं घातलं. माशांसाठी मच्छरदाणी. शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये हा त्रास कमी होईल. शेतावर राहणाऱ्यांनी मात्र तयारी करूनच सुरुवात करावी.

चांगलं काय झालं? सगळ्यात आधी वास गेला. घरात त्यांच्याजवळ बसायला नातवंडं पुन्हा यायला लागली, यालाही मी औषधाचा गुण समजते. पट्टी काढताना गॉज चिकटत नव्हतं. कोरडं गॉज ओढून काढताना रोज थोडं नवं मांस उपटलं जातं आणि रक्त येतं, ते इथं थांबलं. पिवळा थर मऊ होऊन सलाईनच्या धारेबरोबर निघायला लागला. खाली लालभडक दाणेदार मांस दिसलं. मग कडेनं फिकट गुलाबी नवी कातडी आत सरकायला लागली. मनगटाजवळचा खोल भाग सगळ्यात शेवटी भरला आणि तिथं व्रण जाड राहिला आहे, मूठ पूर्ण वळायला अजून व्यायाम चालू आहे. या काळात अँटिबायोटिकची एक गोळीही दिली नाही.

श्रेय एकट्या मधाला देणं बरोबर नाही. सडका थर काढला, रोज धुतलं, पट्टी बदलणाऱ्यांनी आधी आणि नंतर साबणानं हात धुतले, जाऊबाईंनी अंडी, डाळ, दूध यांत कसूर केली नाही. घाणेरड्या जखमेवर जगातला सगळ्यात महाग मध लावला तरी खाली पू तसाच राहील.

मध काम कसं करतो, ते कळलं की चुका टळतात. एक तर त्यात मोकळं पाणी इतकं कमी की जंतूंना वाढता येत नाही. दुसरं, तो आम्लधर्मी. तिसरं, मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मिसळते. जखमेतल्या पाण्यानं मध पातळ झाला की त्या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होत राहतं. ड्रेसिंग रूममधल्या बाटलीतलं फसफसणारं पेरॉक्साइड जखमेच्या चांगल्या पेशीही जाळतं. हे थोडं थोडं आणि सतत तयार होतं. उष्णतेनं हे विकर नष्ट होतं, म्हणून ट्यूब गरम पाण्यात बुडवायची नाही. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधात आणखी एक गोष्ट असते, मिथिलग्लायॉक्सल. ती त्या फुलांच्या रसातल्या एका द्रव्यापासून तयार होते, म्हणून पेरॉक्साइड काढून टाकलं तरी मानुका मध जंतू मारतो. असे तीन-चार मार्ग एकाच वेळी चालू असल्यामुळे जंतूंना मधाला सरावणं सोपं जात नाही. अँटिबायोटिक बहुधा एकाच कुलपावर काम करतं, आणि जंतू ते कुलूप बदलून टाकतात.

मग घरातल्या बरणीतला मध का नको? हा प्रश्न मला सगळे विचारतात. खायच्या मधात मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. पोटात गेलेले मोठ्या माणसाला सहसा काही करत नाहीत. खोल जखमेत, हवा न लागणाऱ्या जागी गेले तर गोष्ट वेगळी. हे बीजाणू उकळूनही सहज मरत नाहीत, आणि उकळलं तर मधाचा गुणही जातो. म्हणून जखमेचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. किरणांनी बीजाणू मरतात आणि विकर बऱ्याच अंशी टिकून राहतं. किरणांचं नाव काढलं की लोक दचकतात. पण आपल्याकडे ट्रॉम्बेच्या आयसोमेड या केंद्रात 1974 पासून वैद्यकीय वस्तू याच पद्धतीनं निर्जंतुक होत आल्या आहेत आणि वस्तूत किरणं मागे राहत नाहीत. बाजारातल्या बऱ्याच बरण्यांत साखरेचा पाक मिसळलेला असतो हे आणखी एक कारण. ट्यूब घेताना खोक्यावर ‘स्टराइल’ असं लिहिलेलं आणि निर्जंतुक कसं केलं ते छापलेलं बघा. ते नसेल तर तो पोळीशी खायचा मध समजा.

या औषधाला आपल्या मातीतला इतिहास आहे आणि तो कोणी सांगत नाही. जुन्या वैद्यकात जखमेवर मध आणि तूप लावायची रीत सुश्रुतापासूनची. पण आधुनिक रुग्णालयात मोजून-मापून प्रयोग केला तो सोलापुरात. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 104 भाजलेल्या रुग्णांवरचा अभ्यास 1991 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत प्रसिद्ध केला. निम्म्यांना मधाचं गॉज, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिनचं, म्हणजे भाजल्यावर सगळीकडे लावतात त्या पांढऱ्या मलमाचं. मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातल्या 7 टक्के. जगभर मधाच्या ड्रेसिंगवर लिहिणारे आजही या सोलापूरच्या कामाचा दाखला देतात. नंतरच्या चिकित्सकांनी आक्षेपही घेतले, की भाजलेल्यांवरचे यातले बरेच प्रयोग एकाच माणसाच्या हातचे आहेत आणि त्यांची रचना अधिक काटेकोर हवी होती. आक्षेप योग्य आहेत. तरीही 2015 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दोन ठिकाणी मध सरस ठरला: कातडीच्या पूर्ण जाडीपर्यंत न पोचलेल्या भाजलेल्या जखमा आणि ऑपरेशननंतर पू झालेले टाके. बाकी जखमांबाबत पुरावा अपुरा. पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे होणाऱ्या अल्सरवर न्यूझीलंडमध्ये, म्हणजे मानुकाच्याच देशात, 368 रुग्णांवर प्रयोग झाला. तिथं मधानं नेहमीच्या पट्टीपेक्षा विशेष फायदा दिला नाही, दुखण्याच्या तक्रारी मात्र जास्त आल्या. तो अल्सर घट्ट दाबाच्या पट्टीनं बरा होतो, वर काय लावलं हे दुय्यम. म्हणून माझे गुण जखमेप्रमाणे बदलतात.

आता याच फळीवरच्या बाकीच्या वनौषधींबद्दल, कारण दुकानदार त्याही पुढे करतो.

हळद. मी सांगलीची, त्यामुळे हळदीवर माझा जीव आहे. हरिपूरच्या पेवांत साठवलेली हळद लहानपणापासून बघितली आहे, आणि 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. अमेरिकेत हळदीनं जखम भरते यावर 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते 1997 मध्ये रद्द करायला लावलं, हा प्रसंग आठवला की अजून अभिमान वाटतो. तरीही उघड्या जखमेत स्वयंपाकाची हळद भरायला माझा ठाम विरोध आहे. हळद जमिनीतून निघते, शिजते, अंगणात वाळते, पॉलिश होते, गिरणीत दळली जाते. या प्रवासात माती तिच्याबरोबर असते. काही ठिकाणी रंगासाठी शिशाचा क्रोमेट मिसळतात. हळदीतलं कुरकुमिन प्रयोगशाळेत जंतूंना आवरतं हे खरं, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे भुकटी जखमेवर बसून राहते. आणि ड्रेसिंग करणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी अडचण ही की हळदीनं सगळं पिवळं होतं. भोवतीची लाली कालच्यापेक्षा पसरली का, हेच दिसेनासं होतं. निळ्या औषधाचाही हाच दोष. जी गोष्ट धोका ओळखू देत नाही ती जखमेवर नको. खरचटल्यावर, रक्त थांबण्यापुरती चिमूटभर हळद लावली तर मी भांडणार नाही.

जात्यादि तेल. हे चांगलं औषध आहे आणि वैद्य मंडळी ते विचार करून वापरतात. जाईचा पाला, कडुनिंब, करंज, हळद, दारुहळद, मंजिष्ठा, लोध्र, ज्येष्ठमध अशी त्यात मोठी यादी असते, आणि मोरचूदही. म्हणजे तांब्याचा क्षार. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकलं जातं, पण जंतूंना आवरण्यात त्या तांब्याचाही वाटा असणार. भेगाळलेल्या टाचा, कोरडी पडलेली, भरत आलेली छोटी जखम, यासाठी मी ते देते. पाणी सुटणाऱ्या ओल्या जखमेवर तेलाचा थर बसत नाही, घसरतो. बाटली एकदा उघडली की निर्जंतुक राहत नाही, तेव्हा बोट बुडवायचं नाही, कापडावर ओतून घ्यायचं.

दगडी पाला. उसात, बांधावर, रस्त्याकडेला पांढऱ्या-पिवळ्या फुलांचं हे जमिनीवर पसरणारं रोपटं असतंच. कोयता लागला की ऊसतोड मजूर पाला चुरगाळून रस पिळतात आणि रक्त खरंच थांबतं. माझं एवढंच म्हणणं की पाला जमिनीलगतचा, हात मातीचे, त्यामुळे रक्त थांबलं की जखम भरपूर पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. आठवत नसेल तर घ्या.

कोरफडीचा गर उन्हानं लाल झालेल्या किंवा हलक्या भाजलेल्या, कातडी न फुटलेल्या जागेवर छान. पान कापल्यावर आधी निघतो तो पिवळा चीक गळून जाऊ द्यायचा, तो आग करतो.

आणि केळीचं पान. हे कुठल्या दुकानात मिळत नाही, पण या सगळ्यांत मला सर्वांत आदर या ड्रेसिंगबद्दल आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेलं केळीचं पान भाजलेल्या जखमांवर आणि कातडी काढलेल्या जागांवर वापरलं आणि 2003 मध्ये त्यावरचे निबंध प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, काढताना रुग्ण ओरडत नाही आणि खर्च नगण्य. त्याआधी वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या लहान मुलांवर वापरल्या होत्या. यांतलं काही घरी करू नका, पान ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करावं लागतं. पण ज्या ग्रामीण रुग्णालयात ऑटोक्लेव्ह आहे आणि मागे केळी आहेत, तिथं हे आज का होत नाही, हे मला खरोखर कळत नाही.

आता शून्य गुणांबद्दल. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना बरीच वर्षं मधुमेह. तळपायाला नाण्याएवढी जखम, दुखत नव्हती म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दुखत नव्हती, कारण पायाची संवेदनाच गेली होती. वरून मध, हळद, तेल सगळं झालं. वरचं तोंड आक्रसत गेलं तसं घरच्यांना वाटलं भरत आलीय. मला दाखवलं तेव्हा पायाचं बोट सॉसेजसारखं सुजलेलं होतं आणि जखमेत सळई घातली तर टोकाला हाड टकटक लागलं. हाड लागलं म्हणजे हाडात जंतू गेलेला असण्याची दाट शक्यता. त्यांना वेळीच अँटिबायोटिक, ऑपरेशन, साखरेवर नियंत्रण आणि त्या पायावरचा भार काढणं हवं होतं. बोट गेलं. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2023 च्या सूचनाही सांगतात की अशा जखमा भरण्यासाठी मध किंवा वनौषधी वापरू नयेत. त्याच सूचना हेही सांगतात, की जंतुसंसर्गाची लक्षणं नसतील तर अँटिबायोटिकही देऊ नये. दोन्ही वाक्यं एकत्र वाचावीत.

कुठल्याही जखमेत थंडी वाजून ताप आला, लाल रेघ वर चढायला लागली, सूज दाबल्यावर आत करकर वाजली, दुखणं जखमेच्या मानानं फारच जास्त वाटलं, तर मध पुसून टाका आणि रुग्णालयात जा. लाली पसरते का हे कळायला एक सोपी युक्ती: तिच्या कडेनं पेनानं रेघ मारायची आणि शेजारी तारीख-वेळ लिहायची. सहा तासांनी लाली रेघेबाहेर आली असेल तर पुढचा विचार करत बसायचा नाही. तिथं अँटिबायोटिकच जीव वाचवतं. मध रक्तात पोचत नाही. अँटिबायोटिक अशा वेळी चाललं पाहिजे, म्हणूनच ते खरचटल्यावर, फोडावर, टाक्यांवर उगाच उधळायचं नाही. जागतिक पातळीवर 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. त्यातली काही माझ्या वॉर्डात असती, मी त्यांचे चेहरे सांगू शकले असते.

ट्यूबच्या तक्रारी. माहिती मराठीत नाही. इंग्रजीतल्या चिमुकल्या अक्षरांत ‘मधमाशीची ॲलर्जी असेल तर वापरू नये’ असं लिहिलेलं आहे. हे ज्याला कळायला हवं तो शेतकरी ते वाचणार कसं? ट्यूबचं तोंड रुंद, टोपण गच्च बसत नाही, एकदा वापरली की तोंडाशी मध सुकून राहतो. एका रुग्णाची ट्यूब दुसऱ्याला वापरू नका. किंमत ही मोठी अडचण आहे. साध्या अँटिबायोटिक मलमाच्या कितीतरी पट, आणि हातभर जखमेला ती भराभर संपते. तालुक्याच्या दुकानांत सहसा नसते. मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलानं चिठ्ठी न बघताच ‘त्यापेक्षा हे घ्या, लवकर फरक पडेल’ म्हणून अँटिबायोटिक-स्टिरॉइडचं एकत्र मलम पुढे केलं. ते परत द्या. स्टिरॉइडनं लाली दबते, जंतू दबत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय मागायची नाही आणि त्यानं द्यायचीही नाही.

घेणार असाल तर सर्जनकडून चिठ्ठीवर जखमेचा आकार लिहून घ्या, म्हणजे दुकानदार त्या हिशेबानं मागवेल. मोठ्या जखमेला ट्यूबपेक्षा तयार जाळीची पट्टी स्वस्त पडते, हवी तेवढी कापता येते आणि मध कमी ओघळतो. सोबत सलाईनच्या बाटल्या, निर्जंतुक गॉज, जाड पॅड आणि हातमोजे घ्या. मध उरला तर तोंड पुसून, टोपण लावून, नाव आणि उघडल्याची तारीख लिहून उन्हापासून लांब ठेवा. खोक्यावर दिलेली उघडल्यानंतरची मुदत संपली की टाकून द्या, जखमेवर लावू नका आणि चहातही घालू नका.